पाच शनिवार आणि बारीक अक्षर

६ जानेवारी, सोमवार, रात्री ९

आजपासून रोजनिशी. नियम तीनच. रोज लिहायचं. खरं लिहायचं. आणि मागचं वाचत बसायचं नाही, माणसाने पुढे बघावं.

वही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून आणली. डायऱ्या संपल्या म्हणाला, म्हणून मी स्वतःच गठ्ठ्यातून एक उपसली. लाल कव्हर, त्यावर फुगे आहेत किंवा एखादं मॉडर्न चित्र असावं. आत प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठिपक्याठिपक्यांची नाजूक नक्षी. भारी वही दिसते. फक्त रेघा फार फिक्या छापल्यात. हल्ली शाईतसुद्धा काटकसर. बायकोने वही उघडून पाहिली आणि म्हणाली, अगदी तुमच्याजोगी आहे. तिच्याकडून अशी दाद वर्षातून एकदा मिळते. जानेवारीतच मिळाली.

कारण असं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचं ठरलंय! मुलगा पूल बांधतो, म्हणजे बांधतात दुसरे, हा मोजतो. पंधरा फेब्रुवारीला, शनिवारी, तो आणि त्याची आई इथे येणार आणि आपण सगळ्यांनी बाहेर जेवायचं. जागा मी ऑनलाइन बघते, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, शहर माझं, मुलगी माझी आणि जागा तू बघणार? ती म्हणाली, बाबा, तुम्ही शेवटचे नवीन कुठे कधी गेलात? आणि मागच्या वेळचं आठवतंय ना?

मागच्या वेळचं म्हणजे तिच्या पदवीचं जेवण. सगळ्यांची ऑर्डर मी दिली होती आणि सहा माणसांना जेवण म्हणून नुसती सहा सूप आली. सूपनंतर पुन्हा सूप. हॉटेलची चूक. पण तिच्या मैत्रिणी खिदळल्या, आणि घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ते मला अजून लागतं. या वेळी तिची मान खाली जाता कामा नये, ताठ राहिली पाहिजे.

म्हणून संकल्प. पाच शनिवार, पाच नव्या जागा. बार, रेस्टॉरंट, जे काही नवं उघडलंय ते. प्रत्येकीला दहापैकी गुण. सहाव्या शनिवारी विजेत्या जागी मेजवानी. बायको म्हणाली, आपण साडेनऊला झोपतो. मी म्हटलं, ते आजपर्यंत.

७ जानेवारी, मंगळवार

दुकानात मोहीम जाहीर केली. दुकान चष्म्यांचं, वडिलांनी काढलेलं. मी डोळे तपासतो, आणि मागच्या खोलीत काचा घासायचं काम करतात काचबाई. सव्वीस वर्षं आहेत. हात सोन्याचा, जीभ काचेची.

काचबाई म्हणाल्या, तसल्या ठिकाणी मेन्यू मुंगीच्या अक्षरात असतो, खणातला एखादा वाचायचा चष्मा खिशात टाका. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की चौपन्न वर्षांचा झालो तरी मला चाळिशी लागलेली नाही. वडिलांनाही सत्तरीपर्यंत लागली नव्हती. आजही सकाळी भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा म्हणून दाखवली. काचबाई म्हणाल्या, तक्ता तीस वर्षं तोच आहे, मीही त्याच्याकडे पाठ करून म्हणते.

जुन्या माणसांना काय बोलणार.

११ जानेवारी, शनिवार, रात्री ९.४०

पहिली जागा. पूर्वी बर्फाचा कारखाना होता, आता बार. विटांच्या उघड्या भिंती, छताला पाइप, प्रत्येक टेबलावर एक उघडा बल्ब. तोही असा पिवळा की समोर बायको आहे की तिची बहीण, हे आवाजावरून ठरवायचं.

मेन्यूकार्ड पत्त्याएवढं. हात लांब करून पाहिलं. हात कमी पडले. टेबल लहान आहे. अशा वेळी गोंधळायचं नसतं, हॉटेलवाले माणूस ओळखतात. मी कार्डावर ठामपणे तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हटलं, हे, हे आणि हे. वेटरने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, आधी एवढंच.

आलं काय, तर एक वाटी बर्फ, एक बशी लिंबाच्या फोडी आणि एक जास्तीची मेणबत्ती.

बायकोने पर्समधून स्वतःचा चष्मा काढला आणि तिचं तिने व्यवस्थित मागवलं. चिकन, बटाटे, एक ग्लास वाइन. तुम्हालाही सांगू का म्हणाली. मी म्हटलं, मी मुद्दाम मागवलंय, जीभ स्वच्छ करायची पद्धत आहे. चार फोडी खाल्ल्या. दात आंबले. गुण दोन, तेही मेणबत्तीला.

१३ जानेवारी, सोमवार

नुसते गुण देऊन काय उपयोग, लोकांना कळायला हवं. दुकान उघडायच्या आधी फोनवर परीक्षण टाकलं. टोपणनाव घेतलं, ‘चोखंदळ’. फोन आपण होऊन जवळपासच्या जागांची यादी दाखवतो, आपण जागा निवडायची, बोलायचं, लिहितो तोच, की झालं. तंत्रज्ञान सोपं आहे, लोक उगाच घाबरतात. कडक लिहिलंय. बर्फवाल्यांची झोप उडेल.

१६ जानेवारी, गुरुवार

हलकटपणाची हद्द झाली. आमच्या दुकानावर कुणीतरी इंटरनेटवर घाण टाकलीय. गिऱ्हाइकाने सांगितलं. काचबाईंना म्हटलं, वाचा मोठ्याने. त्यांनी वाचलं: इथे काही म्हणजे काही दिसत नाही. उजेड नाही. माणसाला आंधळा करून बाहेर काढतात. मालकाला फिकीर नाही. एक तारा.

चष्म्याच्या दुकानाला हे? वडिलांच्या दुकानाला? माझा आवाज इतका चढला की गिऱ्हाईक फ्रेम तिथेच ठेवून गेलं. मी म्हटलं, काचबाई, उत्तर टाइप करा. ज्या इसमाने हे लिहिलं त्याने ताबडतोब डोळे तपासून घ्यावेत, आम्ही फुकट तपासू, त्याची कीव येते. काचबाईंनी टाइप केलं, पाठवलं आणि मग म्हणाल्या, नाव वाचू? मी म्हटलं, वाचा, बघू कोण तो.

वाचलं त्यांनी.

फोनची चूक आहे. यादीत सगळ्यात जवळची जागा वर येते, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. काचबाईंनी नंतर दिवसभरात फक्त एकच वाक्य उच्चारलं. तपासणीला कधी येताय?

१८ जानेवारी, शनिवार, रात्री ९.५०

दुसरी जागा, माशांची. बायकोला बहिणीकडे जायचं होतं (लिंबांनंतर तिला दर शनिवारी बहिणीकडेच जायचं असेल असं वाटतं), म्हणून दातवाल्याला नेलं. दातवाला म्हणजे माझा मित्र, दुकानाच्या वरच त्याचा दवाखाना. स्वतःच्या दोन दाढा पडक्या आणि लोकांना ब्रश कसा धरायचा ते शिकवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

इथे बल्बसुद्धा नाही, निव्वळ मेणबत्त्या. पण या वेळी मी पद्धत बदलली. लांबचं मला घारीसारखं दिसतं. आमच्यापासून दोन टेबलं सोडून एक बाई मेन्यू उभा धरून बसल्या होत्या. त्याच्या मागच्या बाजूला माशांची सगळी यादी. मी इथून ती सुरेख वाचली! वेटरला सांगितलं, यादीतला पाचवा. सहावा वाचत होतो तेवढ्यात त्यांनी मेन्यू मिटला आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. नवरा उठून आला आणि मला म्हणाला, काही हवंय का? मी म्हटलं, हो, जरा त्यांना पान उलटायला सांगा.

दातवाल्याने मधे पडून माफी मागितली. त्याला कायम माफी मागायची सवय आहे, धंद्यामुळे.

मासा आला. त्यात काटे होते की नाही हे हॉटेलने सांगायला नको? तिसऱ्या घासाला घशात रुतला. दातवाल्याने खिशातून चिमटा काढला, माझं तोंड मेणबत्तीकडे वळवलं, आ कर म्हणाला आणि भर हॉटेलात काटा काढला. त्या मेन्यूवाल्या बाईंनी आता माझ्याकडे टक लावून पाहिलं. दातवाला म्हणाला, एवढा काटा होता, तुला दिसला नाही? मी म्हटलं, उजेड बघ ना. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

गुण तीन. एक चिमट्याचा.

२० जानेवारी, सोमवार

परीक्षण टाकलं. या वेळी पूर्ण काळजी घेतली. आपलं दुकान यादीत सगळ्यात वर असतं, म्हणून ते सोडून त्याच्या खालचं नाव दाबलं. अनुभवातून शिकतो तोच माणूस.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी दातवाला जिन्यावरून धाडधाड खाली आला. त्याच्या दवाखान्यावर कुणीतरी लिहिलंय की इथे मेणबत्तीच्या उजेडात काम चालतं, घशात काटा राहतो, आणि ताजेपणाचा पत्ता नाही. तीन पेशंटनी वेळा रद्द केल्या. एका आजींनी फोन करून विचारलं, डॉक्टर, लाइट बिल भरलं नाही का?

काचबाई आतून म्हणाल्या, नाव काय आहे लिहिणाऱ्याचं?

परीक्षण काढून टाकलं, म्हणजे काचबाईंनी काढलं. दातवाला माझ्याशी बोलत नाही. धरीना का अबोला, दातवाल्यांना बोलायची सवयच कुठे असते, समोरच्याच्या तोंडात हात घालून बसायचं. तरी दुपारचा चहा एकट्याने घ्यायला जड गेलं.

२५ जानेवारी, शनिवार, रात्री ९

तिसरी जागा. सर्वांत नवी, सर्वांत चकचकीत. बायको आली. तिच्या बहिणीला ताप आहे म्हणे, देव तिचं भलं करो.

इथे मेन्यूच नाही! चाळीस मिनिटं बसलो. टेबलाच्या कोपऱ्यात कुणीतरी काळ्या-पांढऱ्या चौकटीचा डाग पाडून ठेवलेला, तोसुद्धा पुसलेला नाही. मी रुमालाने घासून पाहिला. बायको गालात हसत होती. शेवटी तिने फोन काढून त्या डागाचा फोटो घेतला आणि डागातून मेन्यू निघाला. फोनवर. त्या एवढ्याशा फोनवर दोनशे पदार्थ!

मी तत्त्वाचा माणूस. जिथे कागद नाही तिथे मी जेवत नाही. शेंगदाणे खाल्ले आणि खुर्चीत जरा डोळे मिटून संगीताचा आस्वाद घेतला. बायको म्हणते घोरत होतात. ढोलाच्या तालावर घोरत होतो, असंही म्हणते. गुण शून्य.

एक नोंद. येताना गाडीत बायको म्हणाली, अहो, लेक काळजीत आहे, मला रोज फोन करून विचारते, बाबा काय करतायत. मी विचारलं, तू काय सांगतेस? म्हणाली, मेहनत करतायत. ते वाक्य अजून डोक्यात आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार, रात्री १०.१५

यश! मला गुरुकिल्ली सापडली. मेन्यू उघडायचाच नाही. मिटलेलाच परत द्यायचा आणि म्हणायचं, तुम्हीच सांगा, काय चांगलं आहे? वेटरचा चेहरा उजळतो, आपण जाणकार ठरतो. भाजलेलं मशरूम, गरम ब्रेड, थंड बिअर. सगळं उत्तम. बायकोसुद्धा खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग एक मुलगी टेबलाटेबलावर कागद घेऊन फिरत होती. अभिप्राय असणार. मी ऐटीत नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. पाच मिनिटांनी माइकवरून माझं नाव. तो कागद गाणं म्हणायला तयार असलेल्यांचा होता.

कुणी दुसरा असता तर पळून गेला असता. मी स्टेजवर गेलो. समोरच्या भिंतीवर भलामोठा पडदा आणि त्यावर गाण्याचे शब्द. चाळीस फुटांवरून प्रत्येक अक्षर लख्ख! चाळिशी लागलीय म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं. मी पडद्यावरचा एकही शब्द सोडला नाही. बायको नंतर म्हणाली की ‘पुरुष’, ‘स्त्री’, ‘दोघे’ आणि ‘संगीत, सोळा मात्रा’ हे म्हणायचं नसतं. मग लिहितात कशाला? शेवटी कितीतरी लोक उठून उभे राहिले. त्यातले काही दाराकडे गेले हे खरं, पण उभे राहिले हेही खरं.

गुण सात. पण विहीणबाईंना पहिल्याच भेटीत इथे आणणं बरं नाही. मला पुन्हा गायला बोलावतील.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा मेसेज आला. चांगला लांबलचक आहे. जेवणाबद्दल असावा. दुकानात गर्दी होती आणि तपासणीचं भिंग काचबाईंकडे होतं (ते भिंग मी फ्रेमचे स्क्रू बघायला वापरतो, कुणाचा गैरसमज नको). मी अंगठा पाठवला. अंगठ्यात सगळं येतं. बायकोने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, सगळं ठीक आहे म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार, रात्री ९.३०

सापडली. जागा सापडली!

नदीकडच्या रस्त्यावर, पूर्वीच्या सायकल दुकानात. आठ टेबलं, पांढऱ्या भिंती, मालक स्वतः फिरतो. आणि समोरच्या भिंतीवर, दारापासून वाचता येईल असा, काळा फळा. खडूने मोठ्या अक्षरात त्या दिवसाचे सगळे पदार्थ. बसल्या जागी मी वरपासून खालपर्यंत वाचून काढले. बायकोला सुचवलं, मालकाला प्रश्न विचारले, कोंबडीबरोबर कुठली वाइन हेही ठरवलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, किती दिवसांनी असे निवांत जेवलात. लग्नाच्या वर्षी आम्ही असेच जेवायचो. तेव्हा मेन्यू मीच वाचून दाखवायचो.

गुण साडेनऊ. दहा दिले तर चोखंदळ कसला? अर्धा गुण कापला आणि निघताना मालकाला मोकळेपणाने सांगितलं, की सगळं छान, पण फळा शाळेत शोभतो, एवढ्या चांगल्या जागेला छापील कार्ड हवं. मालकाने मान डोलावली, मनापासून आभार मानले. पंधरा तारखेचं पाच जणांचं टेबल तिथेच तोंडी सांगून टाकलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोनवर सांगितलं की जागा ठरली. तिने विचारलं, बाबा, मी मेसेजमध्ये लिहिलं होतं ते बघून घेतलंत ना? नक्की? मी म्हटलं, अंगठा पाठवला ना. ती म्हणाली, थँक्यू बाबा, तुम्ही एवढं केलंत. आवाज हळवा झाला होता तिचा. माझाही झाला असता, पण गिऱ्हाईक आलं.

दातवाला आज जिन्यावर भेटला. आपण होऊन म्हणाला, शनिवारसाठी शुभेच्छा. आणि काटे बघून खा.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४

इस्त्री झाली. बूट चमकतायत. फळ्यावर काय काय असेल याचा अंदाज घेऊन बोलायची वाक्यं तयार केली. आज माझी लेक बघेल, तिचा बाप या शहराचा कोण आहे ते.

१५ फेब्रुवारी, रात्री १०

जसं झालं तसं लिहितो.

पोचलो. लेक, मुलगा, विहीणबाई आधीच आलेले. विहीणबाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, ताठ, तडफदार. खिडकीतून रस्त्यापलीकडच्या गाडीची नंबरप्लेट त्यांनी वाचून दाखवली, मी त्याच्या पुढच्या गाडीची वाचली. आमचं जमलं. मुलगा शांत आहे, बरा आहे, लेकीची खुर्ची ओढून देतो.

मग मी बसलो आणि समोर पाहिलं. भिंत कोरी होती.

मालक हसत हसत आला. साहेब, तुमची सूचना ताबडतोब अमलात आणली. आणि त्याने प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं. जाड कागद, करड्या रंगावर करडी अक्षरं. सुबक. मी जन्मात एवढं बारीक काही पाहिलं नव्हतं, म्हणजे आत्ताही पाहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण!

मी गुरुकिल्ली काढली. मालकाला म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणाला, आमची खास कोंबडी घ्या, पाहुण्यांनाही आवडेल. मी म्हटलं, सगळ्यांना तीच. झालं, सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात विहीणबाईंनी आपलं कार्ड माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, माझा चष्मा गाडीत राहिला, तुम्ही तर डोळ्यांचे जाणकार, जरा वाचून सांगा ना, त्या कोंबडीत अक्रोड नाही ना? मला अक्रोड चालत नाही, घसा सुजतो, मागे एकदा हॉस्पिटलात होते. तुम्हाला मुलीने कळवलंच आहे म्हणा. तुम्ही बघून ठेवलंय म्हणाली ती.

लेक माझ्याकडे बघत होती. विश्वासाने.

मी कार्ड धरलं. लांब केलं. आणखी लांब केलं, कोपर मुलाच्या ग्लासाला लागलं. करड्या पाण्यावर करडी डुलणारी रेघ, बाकी काही नाही. ओठांवर तयार होतं, छे हो, अक्रोड कसलं. सहा सूपांच्या वेळी असंच म्हणालो होतो, छे हो, बरोबर सांगितलंय. पण सूपाने कुणाचा घसा सुजत नाही.

मी म्हटलं, मला दिसत नाही.

इतक्या हळू बोललो की लेकीने विचारलं, काय बाबा? मग मोठ्याने म्हटलं. मला जवळचं दिसत नाही. दहा वर्षं झाली असतील. तुझा मेसेजही मी वाचलेला नाही.

कान तापले होते माझे. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात तसं काही झालं नाही. बायकोने पर्स उघडली, एक डबी काढली आणि माझ्या ताटाशी ठेवली. त्यात चष्मा. काचबाईंनी घासलेला, सव्वादोन नंबर. तक्त्याऐवजी त्यांनी माझ्या हाताची लांबी मोजली म्हणे, पेपर किती लांब धरतो त्यावरून. पाचही शनिवार ती डबी बायकोच्या पर्समध्ये होती. मी विचारलं, मग दिला का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही मागितला कुठे?

लावला. तिसरी ओळ: अक्रोडाच्या चुऱ्यात घोळवलेली कोंबडी.

मालक धावला, कोंबडी रद्द, मासा आणि बटाटे ठरले. मी कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, छापखान्याच्या पत्त्यासकट. मग सहज लेकीकडे पाहिलं आणि बघतच राहिलो. हातभर अंतरावरून तिचा चेहरा मी किती वर्षांत नीट पाहिला नव्हता. भुवईपाशी ती तिसरीत झोक्यावरून पडली तेव्हाची खूण आहे. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि हसतही होती. म्हणाली, बाबा, मला सूपाचा राग नव्हता हो. तुम्ही कधी म्हणालाच नाहीत, याचा होता.

मला रडू आलं. चष्म्याच्या काचेवर दिसतं म्हणून काढला, तर विहीणबाई म्हणाल्या, काढलाच आहे तर जरा द्या बघू. लावला, कार्ड पाहिलं आणि अहाहा म्हणाल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, आई, तुझा तर गाडीत आहे ना? तर त्या लाजल्या. गाडीत काही नाही म्हणाल्या. कधी केलाच नाही. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईने चष्मा लावला तर पोरं बसतील का गाडीत?

त्यानंतर एकच चष्मा आमच्या दोघांत फिरत होता. माशाचे काटे त्यांनी काढले, मग मी काढले. निघताना तो त्यांच्या नाकावरच राहिला आणि तसाच गेला. म्हणून हे आत्ताही अंदाजाने लिहितोय. उद्या रविवार असला तरी त्यांच्यासाठी दुकान उघडणार आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११

विहीणबाई येऊन गेल्या. काचबाईही मुद्दाम आल्या. विहीणबाईंचा अडीच निघाला, माझ्यापेक्षा पाव जास्त, हे मी कुणाजवळ बोलणार नाही. माझा चष्मा परत मिळाला. काचबाईंनी मला तक्त्यासमोर बसवून रीतसर तपासलं. फुकट. तसं लेखी आश्वासनच दिलेलं होतं, म्हणाल्या. तक्ता उलटा टांगला होता त्यांनी.

१६ फेब्रुवारी, दुपारी ३

आता चष्मा लावून निवांत बसलोय. म्हटलं, तिसरा नियम एकदाच मोडू, मागचं वाचू.

कव्हरवर फुगे नाहीत. दप्तर पाठीला लावलेली दोन पोरं आहेत. वर लिहिलंय: सुंदर अक्षर, इयत्ता दुसरी. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावरची ती नाजूक नक्षी म्हणजे मुलांनी गिरवायचं वाक्य आहे, ठिपक्याठिपक्यांत. सगळ्या पानांवर तेच.

मी रोज खरे बोलतो.

सहा जानेवारीपासून प्रत्येक पानावर. त्याखाली माझं अक्षर, डोंगर चढून दरीत उतरणारं. अकरा जानेवारीच्या लिंबांच्या ओळी तेरा तारखेच्या परीक्षणावर सांडल्यात. ‘चाळिशी लागलेली नाही’ ही ओळ तर थेट त्या ठिपक्यांच्या वाक्यावरूनच गेलीय.

बायको मागे येऊन उभी राहिली. टोक केलेली पेन्सिल टेबलावर ठेवून आत गेली.

शेवटचं पान कोरं होतं. गिरवलं.

मी रोज खरे बोलतो.
मी रोज खरे बोलतो.

दुसरी ओळ जरा वाकडी गेली. पण चष्मा लावून सांगतो, रेघा खरंच फिक्याच छापल्यात.